दुखण्याआधी काय झालं होतं?

सकाळी उठल्यावर तुमच्या आईची मूठ पूर्ण मिटायला किती वेळ लागतो, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे का?

जबलपुरातल्या आमच्या कांचघरच्या गल्लीत एक गृहस्थ हा प्रश्न कुणालाही विचारायचे. भाजी निवडत बसलेल्या बाईला, ऑटोवाल्याला, लग्नात शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी पाहुण्याला. "जरा मूठ मिटून दाखवा. अच्छा. अब खोलिए. सकाळी अशीच मिटते का, की वेळ लागतो?" समोरचा पाच-दहा मिनिटं म्हणाला तर ते मान हलवून आपल्या जेवणाकडे वळायचे. तासभर म्हणाला तर खिशातून वही निघायची आणि दुसरा प्रश्न यायचा. "हे दुखणं सुरू व्हायच्या आधी काय झालं होतं?"

लोकांना वाटायचं, पडल्या-झडल्याचं विचारतात. "त्याच्याही आधी, वर्ष-दोन वर्षं. मोठा ताप? चिकनगुनिया? हिरड्यांतून रक्त? लघवीला जळजळ?" हा शेवटचा प्रश्न त्यांनी एकदा माझ्या चुलतभावाच्या सासऱ्यांना जिलबी वाढली जात असताना विचारला होता. त्या सोयरिकीत त्याची आठवण अजून निघते.

गल्ली त्यांना शायद सर म्हणायची. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना ओसरीवर बसवून ते जीवशास्त्र शिकवायचे, म्हणून सर. आणि 'शायद' कारण कोणत्याही गोष्टीला हो किंवा नाही असं उत्तर त्यांच्या तोंडून निघायचंच नाही. नळाखाली बादली भरत असायची आणि पलीकडून कुणी विचारायचं, "सर, पाणी आलं काय?" सर बादलीकडे बघायचे आणि म्हणायचे, "शायद."

माझे बाबा त्यांची टिंगल करायचे. बाबा कारखान्यात कामगार, युनियनचे जुने कार्यकर्ते. एकदा सरांच्या समोरच म्हणाले, "यांना लग्नात विचारलं असंल मुलगी पसंत आहे का, तर हे म्हणाले असतील शायद."

सर हसले नाहीत. म्हणाले, "तिनं शायद म्हटलं होतं. मी हो म्हटलं होतं."

त्यांची बायको मी पाहिलेली नाही. मी जन्मायच्या आधीच ती गेली. ओसरीवरच्या भिंतीवर तिचा फोटो होता, त्याला हार नसायचा. फोटोत तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आहेत. सरांनी मला एकदाच तिच्याबद्दल सलग सांगितलं. मी अकरावीत होते, वहीवर हिरड्यांची आकृती काढत होते, आणि आकृती बघता बघता ते बोलायला लागले.

लग्न झालं तेव्हा ती धडधाकट होती. हिरड्यांतून रक्त यायचं. ते म्हणायचे, जोरात घासू नको, बाकी काही नाही. दोन दाढा हलायला लागल्या, काढाव्या लागल्या. त्यानंतर काही वर्षांनी सकाळी तिला कुकरचं झाकण लावता येईना. मग बोटांची पेरं सुजली, मग मनगटं. रक्त तपासायला आलं ते यांच्याच टेबलावर, आणि रिपोर्ट यांनीच लिहिला.

तो म्हातारपणी गुडघे झिजतात तसला संधिवात नव्हता. शरीराची राखण करणारी फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तो. वैद्य त्याला आमवात म्हणतात. जबलपुरात सगळ्यालाच गठिया म्हणतात आणि सगळ्यावर एकच तेल चोळतात.

"डॉक्टर म्हणाले, का होतो ते पक्कं ठाऊक नाही," सर म्हणाले. "त्यांच्याशिवाय बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. माझी आई म्हणाली, दही खाल्ल्यानं. शेजारी म्हणाले, थंड पाण्यात कपडे धुतल्यानं. तिची मावशी म्हणाली, मागच्या जन्मी कुणाचे हात तोडले असतील. सगळ्यांना खात्री होती, बेटा. दही बंद झालं, मग ताक, मग भात, मग आंबट, मग हळूहळू तिचं बोलणं. दुखणं तिनं सहन केलं. ती खात्री तिला सहन झाली नाही."

त्या दिवसापासून मला त्यांच्या 'शायद'चं हसू आलं नाही. पटला मात्र तो नाही. हे आधीच कबूल करते.

आमच्या घरात दिवाणाखाली कपडे नसायचे, पत्रकं असायची. अक्षरओळख होण्याआधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. गेट मीटिंगच्या आदल्या दिवशी बाबा, आई आणि मी जमिनीवर बसून घड्या घालायचो, आणि बाबा एखादं वाक्य मोठ्याने वाचून विचारायचे, "लागतंय काय?" वाक्य लागलं पाहिजे. ज्या वाक्याला 'बहुधा'ची शेपटी आहे ते वाक्य गेटवर कुणी वाचत नाही, हे मी बाराखडीबरोबर शिकले.

सरांची प्रयोगशाळेतली भाषा आणि आमची गेटवरची भाषा एकदाच जुळली. आजार समजावून सांगताना त्यांनी कारखान्याचंच गेट वापरलं. गेटवर पहारेकरी आहे. प्रत्येक कामगाराच्या छातीवर बिल्ला आहे, तो बघून पहारेकरी आत सोडतो. एक दिवस कुणी उपटसुंभ आत घुसला आणि त्याने दोन-चार बिल्ल्यांवर शाई सांडली. बिल्ला ओळखू येईना. पहारेकऱ्याने आपलाच माणूस परका समजून ठोकला, आणि मग ती सवयच लागली.

"आता लक्ष दे," सर बोट वर करून म्हणायचे. "शाई सांडणारा केव्हाच पळाला. शायद तो हिरड्यांतला जंतू होता. शायद एखाद्या जुन्या तापाचा विषाणू. शायद बिडीचा धूर. शायद तिघंही, किंवा कुणीच नाही. शोधणारे अजून शोधून राहिले आहेत. पण मार चालू आहे तो पहारेकऱ्याचा. औषध त्या पहारेकऱ्याला आवरायचं."

मी विचारलं होतं, मग शाई सांडणाऱ्याचं नाव का विचारत फिरता?

"पुढच्या गेटवर त्याला अडवता येईल. शायद."

म्हणून ते टूथब्रश वाटायचे. लग्नाच्या आहेरात त्यांच्या पाकिटात दोन ब्रश असायचे आणि वर लिहिलेलं असायचं, 'झोपण्यापूर्वीही'. नव्या नवऱ्यामुलांनी त्याचे वेगवेगळे अर्थ लावले. बारशाला गेले तर बाळाच्या आईचे दात बघायचे. त्यांच्या घरी कुणाला चहा मिळायच्या आधी आरसा मिळायचा. "आ करा. लाल दिसतंय का? दाबलं तर रक्त?" लोक चिडायचे आणि ब्रश घेऊन जायचे.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर आमच्या मराठी मंडळात हळदीकुंकू होतं. हळदीकुंकवाला वाण लुटतात. कुणी वाटी देतं, कुणी कंगवा. सर मंडळाच्या बायकांकडे गेले आणि म्हणाले, यंदा माझ्या बायकोच्या नावाने वाण मी देतो. बायकांना गहिवरून आलं. वाण म्हणजे टूथब्रश हे कळल्यावर अध्यक्ष मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, सवाष्णीच्या ओटीत ब्रश घालायचा?" मी भांडले. मी अशा गोष्टींसाठी हौसेने भांडते. ब्रश मंजूर झाले आणि प्रत्येक ब्रशला गुंडाळायचं पत्रक लिहून छापून आणायचं काम माझ्याकडे आलं.

मजकूर सरांनीच दिला. बोलताना शायद म्हणणारा माणूस लिहिताना कदाचित लिहायचा. मथळा होता, 'दुखण्याआधी काय झालं होतं?' खाली त्यांच्या वळणदार अक्षरात असं होतं की आमवात कशाने सुरू होतो ते अजून पक्कं माहीत नाही. काही जणांत हिरड्यांच्या जुन्या आजारातल्या जंतूंचा, काहींत एखाद्या विषाणूचा त्यात कदाचित वाटा असेल, कदाचित नसेलही. दात घासणं तरीही चांगलंच. सकाळी सांधे तासभर आखडत असतील तर सांध्यांच्या डॉक्टरकडे लवकर जावं, आणि सुरू असलेली औषधं आपल्या मनाने बंद करू नयेत. शेवटची ओळ होती, 'हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही.'

मी तो कागद घेऊन जबलपुरातल्याच गोरखपुर बाजारातल्या छापखान्यात बसले. मजकूर अर्ध्या कागदावर मावत नव्हता. मावला असता तरी मी तो तसा छापला नसता. मला वाटलं, हे कुणाला लागणार? मी सगळे कदाचित खोडले. शेवटच्या दोन ओळी काढल्या. मथळा नवा दिला, ठळक टाइपात: 'संधिवात म्हणजे जंतूंची लागण. दात घासा, हात वाचवा.' छापखान्यातल्या भैयाला मराठी येत नव्हती. तो म्हणाला, "दीदी, हेडिंग तो ज़ोरदार लग रही है." माझी मान ताठ झाली.

सरांना मी ते दाखवलं नाही.

हळदीकुंकवाच्या दुपारी सर मंडळाच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. आत निम्म्याहून जास्त वाण लुटून झालं तेव्हा त्यांनी सहज एक ब्रश उचलून त्याचा कागद उलगडला. मला हाक मारली.

"बेटा, हे मी लिहिलं होतं का?"

"सर, कदाचित कदाचित लिहिलं तर कोण वाचणार?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं, उरलेल्या ब्रशांची पेटी मांडीवर घेतली आणि एकेका कागदावर मी काढलेली शेवटची ओळ हाताने लिहायला लागले. मी त्यांच्याकडे पाठ करून आत गेले. मला त्यांचा राग आला होता.

आत आमच्याच गल्लीतली कल्पना वहिनी बसली होती. वय तिशीच्या आतलं, नवरा रेल्वेत, पाच वर्षांची मुलगी पिहू. वहिनीला हाच आजार होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लागू पडली होती. नुकतीच ती पिहूची वेणी पुन्हा स्वतः घालायला लागली होती आणि त्याचंच कौतुक त्या दिवशी सांगत होती. वाण घेऊन बायकांनी कागद वाचला. तिच्या डाव्या बाजूची बाई सरकून बसली. हे मी पाहिलं. मला वाटलं, दाटी झाली म्हणून.

पुढे दीड-दोन महिने मी परीक्षांत अडकले होते. एक दिवस कल्पना वहिनीकडे गेले तर तिच्या सासूबाई, काकू, भांडी लावत होत्या. एका ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. ते ताट, एक वाटी, एक पेला, तिन्ही वेगळ्या फळीवर.

"हे काय काकू?"

"कल्पनाचं. वेगळं ठेवून राहिलो आता. पिहूला बी माझ्यापाशीच निजवते. तुझ्याच कागदात तर होतं, लागण म्हणून." त्या खरंच आपुलकीने बोलत होत्या. "आम्ही काही अडाणी नाही बाई. लिहिलेलं वाचून वागतो."

वहिनी मागच्या पायरीवर होती. तिच्या हातांकडे मला बघवेना. पेरं टम्म सुजलेली, दोन बोटं आत वळलेली.

"गोळी चालू आहे ना?" मी विचारलं.

"ती बंद केली. आता जंतूंची घेऊन राहिली. दुकानवाल्या भैयानं दिली. दोन कोर्स झाले, आता तिसरा आणला."

"काहून वहिनी? कुणी सांगितलं?"

"तू लिहिलं ना, जंतू आहेत म्हणून. मग जंतू मेले पाहिजेत ना आधी?" ती घराच्या आत बघत हळू आवाजात म्हणाली, "मेले की पिहू माझ्याजवळ झोपेल."

तिने मला दोष दिला नाही. तिला तो माहीतच नव्हता. तिचा माझ्यावर विश्वास होता.

मी थेट सरांच्या ओसरीवर गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चपला घातल्या.

दुपारच्या जेवणाची वेळ होती. काकूंनी दार उघडलं. "या ना सर. बसा. जेवता काय?"

"वाढा," सर म्हणाले आणि थांबले नाहीत. स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत गेले. तिथे वहिनी एकटी ठिपक्याच्या ताटात जेवत होती. सर तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, बसायला वेळ लागला. मग त्यांनी तिच्या ताटातल्या अर्ध्या पोळीचा तुकडा मोडला, तिच्याच वाटीतल्या वरणात बुडवला आणि तोंडात घातला.

"सर, उष्टं आहे ते," काकू म्हणाल्या.

"हो."

उत्तर म्हणून त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. काकूंनीही ऐकला असावा, कारण त्या दारातच उभ्या राहिल्या.

"पण तुम्हीच तर म्हणता, जंतूंपासून असतो."

"सुरुवात. शायद. तीही कुण्या जुन्या जंतूपासून, जो आता तिथं नाही. हिच्या बोटांत जंतू नाहीत काकू. हिचं स्वतःचंच रक्त चुकून हिला मारून राहिलं. ती चूक ताटातून जात नाही."

काकू हुशार बाई. त्यांनी पकडलं. "म्हणजे पिहूला होणार नाही, शायद. असंच ना?"

सरांनी दुसरा घास मोडला. "ताटातून होणार नाही. कुशीतूनही होणार नाही. यात शायद नाही."

वहिनीने तोंडावर पदर घेतला. काकू म्हणाल्या, "तुम्ही बायकोबरोबर इतकी वर्षं जेवलात, तुम्हाला कुठं काय झालं, तसंच काय?"

"जेवलो. पण माझ्या एकट्याचा पुरावा धरू नका. उद्या डॉक्टरकडे चला, त्यांना विचारा. मी येतो सोबत." आणि वहिनीकडे वळून म्हणाले, "वरण छान झालं आहे. आणखी आहे का?"

ते दुसऱ्या दिवशी खरंच गेले. दुकानातल्या गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरांची गोळी परत सुरू झाली. सूज उतरायला कितीतरी महिने लागले. उजव्या हाताची दोन बोटं सरळ झाली नाहीत, ती वळलेलीच राहिली. सांध्याचं जे झिजतं ते परत भरून येत नाही. पिहू आईजवळ झोपते. तिची वेणी आता सैल असते, शाळेतून येईतो सुटते. काकूंनी ताट इतर ताटांत ठेवलं. मला त्या अजून "तुझा कागद" असंच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.

सरांनी मला एकच शिक्षा दिली. मंडळाची यादी हातात ठेवली. "जिथं जिथं ब्रश गेला तिथं जायचं. कागद परत मागायचा आणि का मागते ते सांगायचं." पहिल्या काही घरी ते बरोबर आले. सराफ्यातल्या एका घरी कागद फ्रिजवर चिकटवलेला होता, एका घरी फडताळात अंथरलेला. बायका विचारायच्या, "काय चुकलं होतं यात?" सर माझ्याकडे बघायचे. मी सांगायचे. परत येताना एकदा मी म्हटलं, "सर, माझं चुकलंच."

"शायद," ते म्हणाले. मग दहा-बारा पावलं चालल्यावर, "नाही, चुकलंच. पण तू दार वाजवून राहिली आहेस. माझ्या बायकोला दही बंद करणाऱ्यांपैकी कुणी परत आलं नाही सांगायला."

यादी संपायच्या आत सर गेले. मागच्या थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. कसला ताप ते कळलं नाही. त्यांची वही त्यांच्या मुलीने मला दिली. तीत नावं नाहीत, नुसत्या नोंदी आहेत: कुणाला आधी ताप, कुणाला हिरड्या, कुणाला काहीच नाही. खूप पानांवर 'काहीच नाही' लिहिलेलं आहे. शेवटी निष्कर्ष नाही. माझ्या बाबांनी ती वही पूर्ण वाचली आणि ते म्हणाले, "याला पत्रक काढता येणार नाही." नंतर बराच वेळ ती त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

उरलेली दारं मी एकटीने वाजवली. जबलपुरातले बहुतेक कागद परत आले. पण कुणीतरी त्या मथळ्याचा फोटो काढला होता. तो आता फोनवर फिरतो आहे. मागच्या आठवड्यात नागपुरातल्या एका नातेवाइकांनी तो मलाच पाठवला. खाली कुणी हिंदीत जोडलं आहे, 'गठिया छूत की बीमारी है, सावधान रहें.' कागदावर छापलेलं ब्रशचं चित्र कापलेलं आहे. मथळा माझा आहे, माझ्याच टाइपात.

त्या दारांपर्यंत मी पोहोचू शकत नाही. तुम्ही पोहोचू शकता.

तो फोटो तुमच्याकडे आला तर नुसता पुसून टाकू नका. ज्याने पाठवला त्याला फोन लावा आणि सांगा की हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं लिहिणारी स्वतःच सांगते आहे. मग विचारा, तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कुणाचे सांधे असे सुजतात का, आणि ती कुठे जेवते. वेगळी जेवत असेल तर तिच्या घरी जा. जेवणाच्या वेळेला जा, घरचे सगळे बघत असताना तिच्या शेजारी बसा, आणि तिच्या ताटातला एक घास खा.